किंग हेन्रीज मार्गावरील दहा क्रमांकाचे घर

लंडन शहराच्या उत्तर भागात प्रिमरोझ हिल नावाची एक हिरवी टेकडी आहे. तिच्या जवळून किंग हेन्रीज रोड हा रस्ता जातो. राणी व्हिक्टोरियाच्या काळात सुस्थितीतील कुटुंबांसाठी बांधलेली घरे या रस्त्यावर आजही उभी आहेत. त्यांपैकी दहा क्रमांकाच्या घराच्या दर्शनी भिंतीवर निळ्या रंगाची एक गोल पाटी आहे. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर १९२१-२२ या काळात या घरात राहत होते, अशी माहिती ती पाटी देते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने हे घर विकत घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबर रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ते स्मारक म्हणून खुले झाले. पुढे २०१८ च्या ऑक्टोबर महिन्यात कॅम्डेन या तेथील स्थानिक कौन्सिलने या घराचा संग्रहालय म्हणून वापर करण्यास परवानगी नाकारली. कौन्सिलच्या मते हे राहते घर होते आणि ते राहतेच असले पाहिजे.

हा वाद आपल्याकडील वृत्तपत्रांतून थोडाफार गाजला, मग विसरला गेला. मात्र त्यातून निघालेला प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला सोडवत नाही. कोणी एक भाडेकरू विद्यार्थी वर्ष-दोन वर्षे एका घरात राहतो आणि निघून जातो. पुढे शंभर वर्षांनी ते घर साऱ्या परिसराचा ऐतिहासिक ठेवा ठरते. हे कशाच्या बळावर? उत्तर विटांमध्ये सापडणार नाही. तो विद्यार्थी त्या घराच्या पायरीपर्यंत कोणकोणत्या दारांवरून परत फिरवला जाऊन पोहोचला होता, हे आधी पाहावे लागेल.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी मालोजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवीत. आई भीमाबाई. भीमराव हे या दांपत्याचे चौदावे अपत्य. कुटुंबाचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. सुभेदार निवृत्त झाल्यावर कुटुंब दापोलीस आले आणि तेथून साताऱ्यास गेले. साताऱ्यातच भीमाबाईंचे निधन झाले. मूल तेव्हा पाच वर्षांच्या आसपासचे होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर या नावाची नोंद झाली. रजिस्टरातील अनुक्रमांक १९१४. ही नोंद शाळेने जपून ठेवली. महाराष्ट्र शासन २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करते. आमच्यासारख्या शिक्षकांना हजेरीपट आणि दाखल-खारीज रजिस्टर म्हणजे रोजची कटकट वाटते. एका ओळीच्या नोंदीला केव्हा काय मोल येईल हे मात्र लिहिणाऱ्या कारकुनालाही ठाऊक नसते.

त्या शाळेत त्यांना वर्गातील इतर मुलांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. नळाला हात लावता येत नसे. शिपाई नसेल तर पाणी नाही. याच सुमारास, १९०१ साली, वडिलांना भेटण्यासाठी भावंडे मसूर स्थानकावर उतरली. वडिलांना निरोप पोहोचलाच नव्हता, म्हणून न्यायला कोणी आले नाही. जात कळताच गाडीवान त्यांना न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे घेऊन आणि मुलांनी स्वतः गाडी हाकावी या अटीवर एक जण कबूल झाला व बाजूने पायी चालू लागला. रात्रभर मुलांना कोठे पाणी मिळाले नाही. बरोबर अन्न होते, परंतु पाण्यावाचून ते घशाखाली उतरेना. नऊ-दहा वर्षांच्या मुलाने त्या रात्री जे अनुभवले ते पुढे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

कुटुंब मुंबईस आले तेव्हा परळ भागातील डबक चाळीत त्यांना एकच खोली मिळाली. त्या खोलीतच चूल, त्याच खोलीत भांडीकुंडी, जळाऊ लाकडे आणि माणसे. दोघांना एका वेळी झोपायला पुरेल एवढीही जागा नव्हती. म्हणून सुभेदारांनी एक युक्ती काढली. मुलाने लवकर झोपावे, वडिलांनी रात्री दोनपर्यंत जागावे, मग मुलाला अभ्यासाला उठवून त्याच्या जागी स्वतः आडवे व्हावे. दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात हा अभ्यास चाले. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून भीमराव मॅट्रिक झाले. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली, तिच्या आधारे ते एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार गेले. मुलाची पदवी त्यांनी पाहिली, पुढचे काही त्यांना पाहता आले नाही.

त्याच वर्षी सयाजीरावांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. अमेरिकेतील तीन वर्षांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे विस्तार करीत नाही. १९१५ मध्ये एम. ए., मे १९१६ मध्ये भारतातील जातिसंस्थेवरील प्रसिद्ध निबंध, आणि त्याच वर्षी लंडनला प्रयाण. लंडनमध्ये ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या दोन्ही ठिकाणी त्यांनी प्रवेश घेतला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन तो पुरा करण्याची परवानगी मात्र त्यांनी मिळवून ठेवली. महायुद्ध सुरू होते. ज्या जहाजातून त्यांची पुस्तके येत होती ते जहाज पाणतीरानी बुडविले गेले. बुडालेल्या सामानाबद्दल मिळालेल्या नुकसानभरपाईच्या पैशातून त्यांनी बडोद्याचा प्रवासखर्च भागविला.

बडोद्याचा प्रसंग येथे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण घर या शब्दाचा अर्थ बाबासाहेबांच्या चरित्रात तेथे ठरतो. कराराप्रमाणे ते संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी गेले. उतरायचे कोठे? शहरात हिंदूंच्या खाणावळी होत्या, परंतु तेथे जात लपविल्याशिवाय प्रवेश नव्हता आणि कोणी ओळखले असते तर परिणाम स्पष्ट होता. अखेर एका पारशी धर्मशाळेत त्यांनी पारशी नाव नोंदवून जागा मिळविली. वरच्या मजल्यावरची मोडक्या सामानाने भरलेली, अंधारी, वटवाघळांची जागा. तेथे ते एकटेच असत. रात्री मिणमिणत्या कंदिलाजवळ बसून वाचत. सकाळी कचेरीत जात, तेथेही शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरून टाकीत. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी वर चढून आले. धर्मशाळा बाटविल्याचा आरोप ठेवून संध्याकाळच्या आत खोली सोडण्याचे त्यांनी बजावले. बाबासाहेब दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू होता, एक ख्रिस्ती. एकाने घरचे नोकर निघून जातील असे सांगितले. दुसऱ्याने पत्नीला विचारावे लागेल असे सांगितले, आणि त्याचा अर्थ बाबासाहेबांच्या लक्षात आला. मुंबईची गाडी रात्री नऊ वाजता होती. मधले पाच तास त्यांनी कामाठी बागेत काढले. कोलंबियाचा एम. ए., संस्थानचा अधिकारी आणि त्याला त्या शहरात एका रात्रीचे छप्पर नाही. बडोद्यातील त्या जागेला आज आपण संकल्पभूमी म्हणतो.

वर्गात हा प्रसंग सांगितला की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, सयाजीराव महाराजांकडे ते का गेले नाहीत? प्रश्न योग्य आहे. महाराज उदार होते, शिष्यवृत्ती त्यांचीच होती, नोकरीही त्यांनीच दिली होती. परंतु राजाची सनद कचेरीपर्यंत चालते, घरमालकाच्या उंबऱ्यावर चालत नाही. बाबासाहेबांना हे त्या पाच तासांत पुरेपूर कळले असावे, असे मला वाटते.

पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात १९१८ ते १९२० या काळात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. तेथेही सहकाऱ्यांनी पाण्याच्या माठाला हात लावण्यावर आक्षेप घेतला होता. पगारातून काटकसरीने पैसे साठवायचे आणि लंडनला परत जायचे, एवढे एकच लक्ष्य त्यांच्यासमोर होते. ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक सुरू झाले, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली आणि तेथे राजर्षी शाहू महाराजांनी या तरुणाला अस्पृश्यांचा खरा नेता म्हणून समाजासमोर उभे केले. शाहू महाराजांनी पैसे दिले, नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले, उरलेली स्वतःची बचत. बडोद्यात काठ्या घेऊन आलेलेही पारशीच आणि हा मित्रही पारशीच, हे विसरून चालणार नाही. जुलै १९२० मध्ये ते बोटीत बसले. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्यांत माता रमाई मुलाबाळांसह मागे राहिल्या.

आता आपण किंग हेन्रीज रोडवरील घराकडे येऊ. त्या काळी लंडनमध्ये परदेशी विद्यार्थी एखाद्या घरात भाड्याने खोली घेऊन राहत. घरमालकीण सकाळचा नाश्ता आणि रात्री थोडेसे काही देई. बाबासाहेबांच्या वाट्याला सकाळी माशाचा एक तुकडा, पाव आणि चहा येई. सकाळी लवकर बाहेर पडून ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जात. दार उघडण्यापूर्वी ते दाराशी असत आणि बंद होईपर्यंत उठत नसत. इंडिया ऑफिस, लंडन विद्यापीठ अशा इतर ग्रंथालयांतही त्यांची फेरी असे. दुपारच्या जेवणाला पैसे नव्हते. रात्री घरी आल्यावर बोव्हरिल नावाचे गरम पेय आणि थोडी बिस्किटे मिळत. मग पुन्हा वाचन. दहाच्या सुमारास भूक असह्य झाली की एका परिचिताने दिलेल्या पापडांपैकी चार पापड पत्र्यावर भाजून ते दुधाबरोबर खात. बरोबर राहणारा अस्नोडकर नावाचा विद्यार्थी रात्री जागा होई तेव्हा त्याला हे वाचतानाच दिसत. झोपा आता, असे तो सुचवी. जेवायला पैसा नाही आणि झोपायला वेळ नाही अशी आपली स्थिती आहे, असे बाबासाहेब त्याला समजावून सांगत.

हे वर्णन आपल्या अनेकांना तोंडपाठ आहे. वाढदिवसाच्या भाषणातून, जयंतीच्या व्यासपीठावरून ते इतक्या वेळा येते की त्याची धार बोथट झाली आहे. म्हणून त्या खोलीत कोणत्या विषयावर काम चालले होते, तेही सांगितले पाहिजे. भारताचे चलन सोन्याच्या आधारावर असावे की सोन्याशी बांधलेल्या विनिमयाच्या दरावर, हा त्या काळी वादाचा विषय होता. जॉन मेनार्ड केन्ससारखे अर्थशास्त्रज्ञ दुसऱ्या पद्धतीच्या बाजूचे होते. बाबासाहेबांनी त्याविरुद्ध मांडणी केली. सरकारच्या हाती रुपये छापण्याची मोकळीक राहिली की महागाई वाढते आणि तिचा पहिला फटका मजुरी करणाऱ्या गरिबाला बसतो, असा त्यांच्या मुद्द्याचा आशय होता. जून १९२१ मध्ये लंडन विद्यापीठाची एम. एस्सी. पदवी मिळाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध डी. एस्सी. साठी सादर झाला. त्याच काळात ग्रेज इनची बॅरिस्टरीही पूर्ण झाली. मधल्या काळात ते जर्मनीतील बॉन विद्यापीठातही जाऊन आले. परीक्षकांना प्रबंधातील ब्रिटिश धोरणावरील टीका झोंबली आणि तो सुधारून पाठविण्यास सांगण्यात आले. हातचे पैसे संपत आले होते. एप्रिल १९२३ मध्ये मुंबईला परतून त्यांनी प्रबंधाची मांडणी बदलली, निष्कर्ष मात्र बदलले नाहीत. त्याच वर्षी पदवी मिळाली आणि प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथ प्रकाशित झाला. कॅनन यांना ग्रंथातील काही मते मान्य नव्हती, तरीही त्यांनी प्रस्तावना लिहिली. पुढे हिल्टन यंग आयोगासमोर बाबासाहेबांनी साक्ष दिली तेव्हा हाच अभ्यास त्यांच्या पाठीशी होता.

परळच्या चाळीतील दुसरी बाजूही याच वर्षांची आहे. रमाईंच्या पाच अपत्यांपैकी यशवंत तेवढे जगले. धाकटा राजरत्न १९२६ साली गेला, तेव्हा बाबासाहेब घरीच होते. त्यापूर्वीचे काही मृत्यू त्यांच्या अनुपस्थितीत वा ओढगस्तीच्या काळात झाले. लंडनच्या खोलीतील उपवास आणि परळच्या खोलीतील उपवास एकाच चरित्राचा भाग आहेत. पहिल्याला निळी पाटी मिळाली. बी. आय. टी. चाळीतील ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्या, जेथे बाबासाहेब १९३४ पर्यंत राहिले, जेथून महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची आणि गोलमेज परिषदेची तयारी झाली, त्यांचे स्मारक करण्याची घोषणा राज्य शासनाने २०१९ च्या डिसेंबरात केली. माझ्या मते क्रम उलटा असायला हवा होता.

लंडनहून परतल्यावर त्यांनी स्वतःसाठी घर बांधण्याची घाई केली नाही. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ च्या जानेवारीत सभेने सोलापूर येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. राहण्या-जेवण्याची सोय नसेल तर खेड्यातला मुलगा शाळेपर्यंत पोहोचतच नाही, हे त्यांना डबक चाळीपासून ठाऊक होते. पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या औरंगाबाद येथील नागसेनवनात महाविद्यालयाबरोबर वसतिगृहेही उभी राहिली. या स्मरणिकेच्या वाचकांतील कित्येकांनी आपल्या आयुष्यातील पहिली स्वतंत्र गादी, पहिली ट्रंक आणि पहिले वेळेवरचे जेवण अशाच वसतिगृहात पाहिले आहे.

स्वतःचे घर झाले ते दादरच्या हिंदू कॉलनीत, १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. त्याचे नाव त्यांनी राजगृह ठेवले. मगधाची प्राचीन राजधानी, बिंबिसाराचे नगर, भगवंतांच्या परिनिर्वाणानंतर पहिली संगीती जेथे भरली ते स्थान. येवल्याच्या घोषणेपूर्वीच, धम्मदीक्षेच्या तर वीस वर्षांहून अधिक काळ आधी, हे नाव त्यांनी निवडले होते. घराची आखणी ग्रंथांच्या सोयीने झाली होती. माणसे पुस्तकांमध्ये राहत होती, असेच म्हणावे लागेल. २७ मे १९३५ रोजी याच घरात रमाईंचे निधन झाले. १९५६ च्या डिसेंबरात बाबासाहेबांचे पार्थिव दिल्लीहून आणले गेले ते प्रथम राजगृहावर, आणि ७ डिसेंबरला तेथूनच अंत्ययात्रा दादर चौपाटीकडे निघाली. २०२० च्या जुलै महिन्यात राजगृहाच्या आवारात शिरून कुंड्यांची आणि काचांची नासधूस करण्यात आली, तेव्हा महाराष्ट्रभर जो संताप उसळला तो काचांसाठी नव्हता.

दिल्लीत १९४२ पासून मजूरमंत्री आणि नंतर कायदेमंत्री म्हणून त्यांना सरकारी बंगले मिळाले. संविधान त्या बंगल्यात राहत असताना घडले. हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर १९५१ मध्ये राजीनामा दिला आणि बंगला सोडला. नंतर सिरोहीच्या महाराजांच्या मालकीच्या २६, अलीपूर रोड येथील घरात ते भाड्याने राहिले. संविधानाच्या शिल्पकाराला आयुष्याच्या शेवटी राजधानीत स्वतःचे घर नव्हते. बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाचे काम या घरात पूर्ण झाले. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद त्यांनी उशाशी मागवून घेतले, आणि ६ डिसेंबरच्या पहाटे झोपेतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ते घर पुढे खाजगी मालकीत हातोहात फिरले. मूळ वास्तू आज तेथे नाही. १३ एप्रिल २०१८ रोजी त्या जागेवर संविधानाच्या ग्रंथाच्या आकाराचे राष्ट्रीय स्मारक खुले झाले. इमारत भव्य आहे. परंतु ज्या खोलीत ते कागद उशाशी होते ती खोली आता कोणालाच पाहता येणार नाही.

म्हणूनच लंडनचे घर वाचले याला महत्त्व आहे. ब्रिटनमध्ये प्रसिद्ध व्यक्तींच्या घरांवर पाट्या बसविण्याची प्रथा १८६६ साली सुरू झाली. पहिली पाटी १८६७ मध्ये कवी बायरन यांच्या जन्मघरावर लागली, आणि ते घर १८८९ मध्ये पाडले गेले. निळी पाटी वाटसरूला माहिती देते, घराला कायद्याचे संरक्षण देत नाही. मालक बदलला की घराचे काय होईल हे मालकच ठरवतो. २०१४ मध्ये दहा क्रमांकाचे घर विक्रीस निघाले तेव्हा नेमकी हीच भीती होती. ब्रिटनमधील आंबेडकरी आणि बौद्ध संघटनांच्या महासंघाने, म्हणजे फाबोने, ही बाब उचलून धरली आणि घर घेण्याचा प्रस्ताव पुढे नेला. हे कार्यकर्ते पंजाबातून, महाराष्ट्रातून गेलेले नोकरदार, व्यावसायिक लोक होते. त्यांच्या पत्रव्यवहाराशिवाय शासनाला ते घर बाजारात असल्याचे वेळेवर कळले असते की नाही, याची मला शंका आहे. सुमारे एकतीस लाख पौंडांना खरेदी झाली.

त्यानंतर जे घडले त्याबद्दल आपल्या समाजात एक सोपे स्पष्टीकरण रूढ झाले आहे. गोऱ्या शेजाऱ्यांनी विरोध केला, म्हणजे तेथेही भेदभाव. मला हे पटत नाही. लंडनमध्ये राहत्या घरांची तीव्र टंचाई आहे आणि राहते घर अन्य वापरासाठी न देण्याचा कॅम्डेनचा नियम सर्वांसाठी सारखा आहे. काही शेजाऱ्यांनी बसगाड्यांनी येणाऱ्या गर्दीची आणि आवाजाची तक्रार केली. मुख्य म्हणजे वापर बदलण्याची परवानगी हाती येण्यापूर्वीच स्मारक सुरू झाले होते. देशाच्या पहिल्या कायदेमंत्र्याच्या स्मारकाबाबत तरी कागदपत्रे आधी पुरी व्हायला हवी होती. परवानगी नाकारली गेल्यावर मात्र पुढची लढाई रीतसर झाली. महाराष्ट्र शासनाने अपील केले, २०१९ च्या सप्टेंबरात जाहीर चौकशी भरली, दोन्ही बाजूंचे वकील आणि साक्षीदार उभे राहिले. एका बाजूला एक राहते घर कमी होण्याचा तोटा, दुसऱ्या बाजूला त्या घराचे ऐतिहासिक मोल, अशी तुलना झाली. १९१७ साली बडोद्यात प्रश्न होता, या माणसाला घरात राहू द्यावे की नाही. एका शतकानंतर लंडनमध्ये प्रश्न असा होता, तो राहिला म्हणून हे घर इतर कोणाच्या राहण्यातून मोकळे करावे की नाही. मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या गृहनिर्माण मंत्र्यांनी अपील मान्य केले आणि संग्रहालयाला परवानगी दिली.

घर आतून साधे आहे. भिंतींवर छायाचित्रे, कपाटांत पुस्तके, वरच्या मजल्यावर पलंग आणि मेज यांच्या साहाय्याने विद्यार्थ्याच्या खोलीची कल्पना करून दिली आहे. आपल्या वसतिशाळेतील मुलांनाही आता परदेशी शिक्षणाचे मार्ग खुले झाले आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची परदेश शिष्यवृत्ती आहे आणि तिला नाव राजर्षी शाहू महाराजांचे आहे, ज्यांच्याकडे लंडनहून बाबासाहेबांनी मदतीसाठी पत्र लिहिले होते. आपल्यापैकी कोणाचा मुलगा वा मुलगी लंडनला पोहोचली, तर त्यांना नॉर्दर्न लाइनवरील चॉक फार्म या भुयारी रेल्वेच्या स्थानकावर उतरण्यास सांगावे. तेथून घर पायी काही मिनिटांवर आहे. घर उघडे असण्याच्या वेळा निघण्यापूर्वी विचारून घ्याव्यात. बाहेरून सर्व घरे सारखी दिसतात, तेव्हा क्रमांक दहा आणि निळी पाटी बघावी. आजूबाजूला कुटुंबे राहतात, म्हणून दारात मोठ्याने बोलू नये.